गिळलेलं मत

१

सिनेटर हार्लन ट्वेट मेले, आणि ज्या मतदानासाठी ते दवाखान्यातनं उठून आले होते ते मतदान त्यांच्यावाचूनच पार पडलं.

वॉशिंग्टनला त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी. सिनेटच्या सत्राचा शेवटचा दिवस. इडा मॅक्रेडी नावाच्या बाईंना सुप्रीम कोर्टावर घ्यायचं की नाही, याचा निकाल त्याच दिवशी लागायचा होता. विरोधकांनी आठ महिने ते प्रकरण लोळवत ठेवलेलं. कधी समितीतनं उठून जायचं, कधी कागद मागायचे, कधी नुसतं बोलत राहायचं. जानेवारीत नवी सिनेट येणार, तिच्यात विरोधकांचंच बहुमत, मग कसल्या बाई आणि कसलं कोर्ट.

बाई एका मतानं पास झाल्या. एकोणपन्नास विरुद्ध अठ्ठेचाळीस. सरकारपक्षाची माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत होती, तेवढ्यात ट्वेट साहेबांच्या कचेरीची मुख्य बाई, कोरिन पासेक, तळघराकडच्या जिन्यावरनं वर आली. तिच्या तोंडचं रक्त उडालेलं. दारावर लुशियस टॉलिव्हर उभा होता. त्याच्या बाहीला धरून ती एवढंच म्हणाली, "खाली चला."

लुशियस बाल्टिमोरच्या पोलिसात पंचवीस वर्षं खुनांच्या मागं फिरलेला माणूस. म्हातारपणी सिनेटच्या बंदोबस्तात लागला होता. इथं काम सोपं. दार धरायचं, टाय नसलेल्याला परत पाठवायचं, दोन सिनेटर भांडले तर मधे पोट घालायचं. पोट होतं भरपूर.

जुन्या सिनेटरांना त्या इमारतीत एकेक बिनपाटीची खोली मिळते. कुणाची कुठली, ते चारदोघांनाच ठाऊक. ट्वेट साहेबांची खोली अगदी कोपऱ्यात. आत गेल्यावर लुशियस उंबऱ्यातच थबकला.

म्हातारा कोचावरनं अर्धा खाली घसरलेला. अंगावरचं पांघरूण गुडघ्यात गोळा झालेलं. एक हात टेबलाकडे, टेलिफोनच्या दिशेनं लांबवलेला. पण बूट पायात नव्हते. ते कोचाखाली शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढावेत तसे नीट ठेवले होते. चष्मा घडी घालून वरच्या खिशात. आणि हनुवटीखालनं नेऊन डोक्यावर गाठ मारलेला एक पांढराशुभ्र रुमाल, आता सैल होऊन गळ्याकडे उतरलेला.

"तुम्ही बांधला हा?" लुशियसनं विचारलं.

पासेक बाईंनी नुसती मान हलवली. नाही.

म्हणजे त्यांच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. मेलेल्याची व्यवस्था करावी तशी त्यानं म्हाताऱ्याची व्यवस्था केली होती, आणि वर जाऊन चकार शब्द काढला नव्हता.

२

बातमी फुटायला वेळ लागला नाही. विरोधकांचा पुढारी रॉइस केटरिंग, उंच, सडपातळ, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यानं लुशियसला खोलीत बोलावून बसायलासुद्धा सांगितलं नाही.

त्याचं म्हणणं सरळ होतं. सभासद मेला की सिनेट त्या दिवसापुरती उठते, ही जुनी रीत. ट्वेट गेल्याचं मतदानाआधी कळलं असतं तर सिनेट उठली असती, सत्र संपलं असतं, आणि मॅक्रेडीबाई घरी. मग मरण लपवून फायदा कुणाचा? सरकारपक्षाचा. किल्ली कुणाकडे? पासेककडे. प्रेत सापडलं कुणाला? पासेकला.

"मढं झाकून त्यांनी सुप्रीम कोर्टाची खुर्ची चोरली," केटरिंग म्हणाला. "संध्याकाळी श्रद्धांजलीला सगळे परत जमतील. तेव्हा मी हे सभागृहात सांगणार. तोवर तुम्हाला दुसरं काही सापडलं तर बघा."

"सांगून काय होणार, साहेब? मत तर पडलं."

केटरिंग जरासा हसला. त्या हसण्यात दात होते, ओठ नव्हते. मतदान फिरवून परत घ्या, असा ठराव त्याच दिवशी मांडता येतो, तो म्हणाला. तो मांडायचा हक्क जिंकलेल्या बाजूच्या माणसाला असतो, नाहीतर ज्यानं मतच दिलं नाही अशाला. दरवेळी जिंकलेली बाजू निकाल लागल्या लागल्या हे दार बंद करून टाकते. या वेळी ट्वेटच्या बातमीनं गोंधळ उडाला आणि ते विसरले. दार उघडं राहिलं. आणि सभागृहात हजर असून ज्यानं मत दिलं नाही, असा एकच माणूस होता.

एमस बार्डिन.

लुशियसला या नोकरीला लावणारा माणूस.

आता ही मत न देण्याची भानगड काय, ते सांगितलं पाहिजे. सिनेटमधे एक जुनी दोस्तीची रीत आहे, तिला 'जोड' म्हणतात. समजा एक जण आजारी पडला, येऊ शकला नाही. मग समोरच्या पक्षातला त्याचा दोस्त उभा राहतो आणि म्हणतो, हा असता तर हो म्हणाला असता, मी नाही म्हणालो असतो, म्हणून मी माझं मत गिळतो. दोघांची मतं फिटली. आजाऱ्याला खाटेवरनं उठावं लागत नाही. लिहिलेलं कुठंच नाही, नुसती जबान.

बार्डिननं दुपारी तेच केलं होतं. स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन, तीस वर्षांच्या दोस्तासाठी.

"बार्डिन ठराव मांडणार?"

"मांडणार. मघाशीच कबूल झालाय," केटरिंग म्हणाला. "मतं समसमान झाली की निकालाचं मत उपराष्ट्राध्यक्षांचं, आणि ते परदेशात आहेत, तेव्हा समसमान झाली तरी बाई पडतात. आता ट्वेट नाही, म्हणजे बार्डिन मोकळा. त्याचं एक मत आलं की समसमान."

"आणि पासेक बाई?"

"तिच्यावर खटला भरायचा की नाही, ते तुम्ही पोलिसांनी बघायचं."

३

पासेक बाई कचेरीत कोट घालूनच बसल्या होत्या, जणू कुणी न्यायला येणार होतं. चाळिशीतली बाई. साहेबांकडे पोरवयात टपाल फोडायला लागली, ती आता त्यांची सगळी कचेरी चालवत होती.

लुशियसनं खुर्ची ओढली. तिनं सांगितलं ते असं.

साहेबांचं हृदय थकलेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, खाटेवरनं हलायचं नाही. साहेबांनी काल दवाखान्यातनं फोन करून समोरच्या पक्षात जोड मागितली. पण केटरिंगनं आपल्या माणसांना ताकीद दिली होती. या खेपेला कुणी कुणाला जोड द्यायची नाही, मरायला टेकलेला असला तरी. मग साहेब आले. चाकाच्या खुर्चीतनं, ओठ निळे पडलेले.

"काल जोड मागितली कुणाकडे?"

"बार्डिन साहेबांकडे. दुसरं कोण देणार? पण ते नाही म्हणाले. साहेब फोन ठेवून बराच वेळ खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, एमसचा नाइलाज आहे, कपाटातनं माझे कपडे काढ."

लुशियसनं मनाशी नोंद घेतली. काल नाही, आणि आज हो.

ती पुढं सांगत होती. मतदानाची घंटा व्हायच्या थोडं आधी साहेबांनी खालून फोन केला. सभागृहाच्या मागच्या खोलीत ती चौघाजणांत बसली होती, तिनंच उचलला. म्हणाले, माझ्या बाकावर दूध ठेवायला सांग, मी निघतोच. सभागृहात पाणी आणि दूध सोडून काही प्यायची मुभा नाही. साहेबांना पोटाचं दुखणं, म्हणून नेहमी दूध. ग्लास ठेवला. नावं पुकारायला लागली, तरी साहेब नाहीत. मधेच ती खाली पळाली.

"मग किल्लीनं उघडलं?"

इथं बाईचा आवाज फाटला. दार ओढलं की आपोआप कुलूप लागायचं, किल्ली तिच्या हातात होती. पण साहेबांची सक्त ताकीद होती, आत असताना उघडायचं नाही. तिनं ठोठावलं. आतनं आवाज आला. घुमल्यासारखा, नाकातनं.

"मतदानाआधी ते गावाकडचं भजन गुणगुणायचे, मिस्टर टॉलिव्हर. तोंड मिटून. नेहमीच. मला वाटलं तेच आहे, येतीलच आता. मी परत वर गेले. निकाल लागला तरी आले नाहीत, तेव्हा कुठं खाली येऊन किल्ली लावली."

ती आपल्या हातातल्या किल्लीकडे बघत होती.

"ते भजन नव्हतं ना?"

लुशियस उठला आणि डॉक्टरकडे निघाला.

४

डॉक्टर फेल्डस्टाईन हात धूत होता. इमारतीतला दवाखाना सांभाळणारा चिडका माणूस, सिनेटरांची पोटं बघून बघून आंबट झालेला.

"ज्यानं कुणी हे केलं ना, त्याला काम येत होतं," तो म्हणाला. "मेलेल्याचा जबडा उघडा पडू नये म्हणून असा रुमाल बांधतात. गाठ वरती, मधोमध. मला शिकवलं होतं, मी विसरलो. हा विसरला नव्हता."

"मग बिघडलं कुठं?"

"बिघडलं एवढंच, की म्हातारा मेला नव्हता."

लुशियसनं मागचं दार लावून घेतलं.

फेल्डस्टाईननं टॉवेल भिरकावला. असल्या झटक्यात अंग गार पडतं, नाडी बोटाला लागत नाही, श्वास इतका बारीक की आरसा धरावा लागतो. घाईत कुणीही फसेल. पण म्हातारा नंतर शुद्धीवर आला. पांघरूण लाथाडलं, फोनकडे हात टाकला. जबड्यावर रुमालाचा लाल वळ होता, आणि वळ उमटतो तो जित्या कातडीवर. "मला बोलावलं तेव्हा अंग गरम होतं. नुकताच गेला होता, लुशियस. वर नावं पुकारत होते तेव्हा हा खाली जिवंत होता. तोंड बांधलेलं. हाक तरी कशी मारणार?"

बाहेर येऊन लुशियस खिडकीपाशी उभा राहिला आणि त्यानं मनाशी एकेक गोष्ट मांडली.

दुधाचा फोन आला तोवर ट्वेट धड होते, आणि तो पासेक बाईनं चौघांदेखत घेतला. नंतर ती खाली गेली तेव्हा आतनं तोंड बांधलेल्या माणसाचा आवाज येत होता. म्हणजे रुमाल त्याआधीच बांधलेला. मधल्या वेळात ती जागची हलली नव्हती. ती सुटली.

मग त्या मधल्या वेळात खाली कोण होतं?

सिनेटमधे नावं आडनावाच्या अक्षरानं पुकारतात. बार्डिनचं नाव अगदी सुरुवातीला, ट्वेटचं पार शेवटी. बार्डिन उठून 'माझा दोस्त येऊ शकत नाही' म्हणाला, तेव्हा सगळं सभागृह दाराकडे बघत होतं. ट्वेट येतीलच म्हणून. बाकावर दूध ठेवलेलं. कुणी म्हणालं नव्हतं की ते येणार नाहीत. जोड देतात गैरहजराला. अजून बहुतेक नावं पुकारायची राहिली असताना गैरहजर कोण राहणार, हे सांगणार कोण?

ज्यानं बघितलं तो.

आणि शेवटची गोष्ट लुशियसनं नको नको म्हणत मांडली. घंटा झाली तेव्हा दारावर तोच होता. बार्डिन धापा टाकत आला. रोज कोटाच्या वरच्या खिशात तीन टोकं काढलेला पांढरा रुमाल मिरवणारा माणूस, त्या दिवशी खिसा रिकामा. कपाळावर घाम. म्हणाला, "लुशियस, रुमाल आहे का रे तुझ्याकडे?"

लुशियसनं स्वतःचा काढून दिला होता.

५

बार्डिन साहेब आपल्या कचेरीत अंधार करून बसले होते. बाहेर पाच वाजायच्या आतच दिवस मावळलेला. लुशियसनं दिवा लावला आणि ट्वेटच्या जबड्याला बांधलेला तो पांढरा रुमाल टेबलावर ठेवला.

बार्डिननं तो उचलला नाही.

सत्तरी ओलांडलेला, गुबगुबीत, गोष्टीवेल्हाळ म्हातारा. दक्षिणेतल्या त्याच्या गावात बापाचं मढी सजवून पुरायचं दुकान होतं, एमस पोरपणी तिथंच काम शिकलेला. हजार वेळा सांगितलेला त्याचा विनोद सगळ्या सिनेटला पाठ होता. आमच्या दुकानाची ख्याती अशी, की कधी एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही.

"बैस," बार्डिन म्हणाला.

"उभाच बरा आहे, साहेब."

"त्याला हात द्यायला गेलो होतो मी. एवढे जिने कसा चढणार म्हणून. दार उघडंच होतं. खाली पडलेला. मी नाडी बघितली, मानेला बोट लावलं, डोळे बघितले. गेला होता, लुशियस. मी मढ्यांत वाढलोय, मला कळतं." तो थांबला. "मला कळतं असं वाटायचं."

"डॉक्टरला का नाही बोलावलं?"

"बोलावलं की संपलं. सिनेट उठली असती. आमची बाजू जिंकली असती, आणि कशावर? हार्लनच्या मढ्यावर. तो बाईला पास करायला खाटेवरनं उठून आलेला, आणि त्याच्याच मरणानं ती पडणार. मी म्हटलं, नाही. त्याला नीट निजवतो, गप्प राहतो, माझं मत गिळतो. मतदान होऊन जाऊ दे. मग रडू." तोंडावरनं हात फिरवत तो म्हणाला, "खरं सांगू? त्या जिन्यावरनं येताना मला माझाच अभिमान वाटत होता. वाटलं, या इमारतीत अजून एक सभ्य माणूस उरलाय."

लुशियसनं आता सांगायला हवं होतं. आयुष्यात त्यानं कितीतरी दारांवर उभं राहून बायकांना सांगितलं होतं की तुमचा पोरगा गेला. हे त्याहून जड होतं.

"साहेब, ते गेले नव्हते."

लुशियसनं सगळं सांगितलं. गरम अंग, लाथाडलेलं पांघरूण, लांबवलेला हात. रुमालाचं तो टाळणार होता. पण बार्डिननं स्वतःच विचारलं, हळू आवाजात, "त्यानं हाक मारली का?"

"पासेक बाईंनी दाराबाहेरनं ऐकली. त्यांना वाटलं भजन म्हणतायत."

"आमचं एक गिऱ्हाईक परत आलं म्हणायचं," बार्डिन म्हणाला.

त्यात विनोद नव्हता. लुशियसला तिथनं निघून जावंसं वाटलं.

"काल त्यानं मागितली होती," बार्डिन भिंतीशी बोलावं तसा बोलत होता. "फोनवर. एमस, एवढी एक दे. मी म्हटलं, रॉइस माझं तिकीट कापेल. काल दिली असती तर तो दवाखान्यात पडून राहिला असता. जोड मागणारा जिवंत होता तेव्हा दिली नाही, आणि मेला असं वाटल्यावर दिली. फुकटात."

"केटरिंग साहेबांना कबूल झालात म्हणे. ठराव मांडायला."

"झालो. न मांडावा तर रॉइस विचारील का. काय सांगणार होतो?"

"त्यात पासेक बाईचं नाव येईल."

"माहीत आहे मला."

"ती त्यांच्याकडे पोरवयात आली होती, साहेब."

"माहीत आहे म्हटलं ना," बार्डिन ओरडला. मग टेबलावर डोकं टेकून बसला. तसाच म्हणाला, "तू काय करणार?"

लुशियसनं टोपी उचलली. या माणसानं त्याला नोकरी दिली होती, बायकोच्या आजारपणात दोनदा घरी सूप घेऊन आला होता. "मी आत्ता वर जाऊन दार धरणार. आत काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही नाही बोललात, तर मला बोलावं लागेल. मला ते नकोय, साहेब. माझ्यावर ती वेळ आणू नका."

रुमाल टेबलावर तसाच राहिला.

६

सभागृह भरलेलं. ट्वेट साहेबांच्या बाकावर काळं कापड अंथरलेलं, वर पांढरी फुलं. दुधाचा ग्लास उचलायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फुलांशेजारी तो तसाच, वर साय धरलेला. पासेक बाई वरच्या सज्जात एकटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या लोकांनी मोकळ्या सोडलेल्या.

प्रार्थना झाली. केटरिंगनं बार्डिनकडे बघून मान हलवली.

बार्डिन उठला. कोटाचा वरचा खिसा रिकामाच होता. त्यानं अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागितली, मिळाली, आणि मग ज्याला ठराव म्हणतात त्यातलं काहीच तो बोलला नाही. काल फोन आला तिथनं त्यानं सुरुवात केली. आपण नाही म्हणालो ते, खाली गेलो ते, नाडी, बूट, चष्मा. रुमालाशी येऊन थोडा अडखळला, पण तेही बोलला. कुणाचं बोलणं मधे तोडण्यात हयात गेलेली माणसं, पण त्या वेळी एकानंही तोंड उघडलं नाही.

मग मान वर करून त्यानं सज्जाकडे बघितलं.

"त्या बाईंनी काही लपवलं नाही. ज्यानं लपवलं तो मी. आणि लपवायला काही नव्हतंच, माझा मित्र जिवंत होता."

केटरिंग हळूच उठला. आवाज तसाच, न चढलेला. झालं ते वाईट झालं, पण ठरावाचा प्रश्न वेगळा आहे, असं काहीसं तो म्हणाला. सन्माननीय सभासदांचं मत आता कुणाशी बांधलेलं नाही, ते मोकळे आहेत. अध्यक्षांनी नाइलाजानं विचारलं, सभासद ठराव मांडतात का?

लुशियसनं दाराची मूठ घट्ट धरली होती.

बार्डिन ट्वेटच्या बाकाकडे बघत होता. बाई त्याला कधीच नको होत्या. आजही नको होत्या, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. दोन शब्द बोलला असता तर त्याची बाजू जिंकली असती.

"नाही," तो म्हणाला. "काल जिथं म्हणायला नको होतं तिथं म्हणालो. आज इथं म्हणतो."

सरकारपक्षातला कुणीतरी भानावर आला आणि त्यानं फेरमतदानाचं ते उघडं राहिलेलं दार रीतसर लावून घेतलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सिनेट उठली.

सगळे निघून गेल्यावर बार्डिन दाराशी आला. खाली पोलीस वाट बघत असणार, दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं पाटलोणीच्या खिशातनं लुशियसचा रुमाल काढला. दुपारी घेतलेला, चुरगळलेला.

"धुऊन द्यायला हवा होता," तो म्हणाला.

लुशियसनं तो परत त्याच्या मुठीत दाबला.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला, आणि दार उघडून धरलं.